कल्हईला गेलेली देग

माझ्या थोरल्या चुलत्याने आमच्या आजोबांची तांब्याची देग खाल्ली. कड्यांसकट खाल्ली आणि वर ढेकरही दिला नाही. चुलत्याचं नाव किसन. सगळं गाव त्यांना किसनबप्पा म्हणतं. देग त्यांच्या एकट्याची नव्हती, साऱ्या भावकीची होती. त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेली होती. हे मी तालुक्याच्या कोर्टात शपथेवर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला मला कुणाची भीती नाही.

ज्यांनी देग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देग म्हणजे पोट सुटलेल्या पाटलासारखं भांडं. खाली गोल गरगरीत, वर गळा आखूड, दोन बाजूंना दोन कड्या. त्या कड्यांत बांबू घालून ती उचलायची. आमच्या आजोबांची देग चुलीवर चढली की अर्धं गाव जेवून उठायचं. नारायणगडाच्या यात्रेला आमच्या गावचा भंडारा असायचा, तेव्हा भाजी याच देगीत शिजायची. तलवाड्याकडची माणसंसुद्धा "आबाजीच्या देगीतली भाजी" म्हणून मागून घ्यायची. आबाजी म्हणजे आमचे आजोबा. त्यांचं नाव प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे.

आजोबांनी जाताना सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "वावरं वाटा, बैल वाटा, घर वाटा. भांडी वाटू नका. ज्याला लागतील त्यानं न्यावीत, परत आणावीत. किसन सांभाळील." झालं. कागद नाही, सही नाही. पुढे आमच्या वकिलाने मला समजावलं, "याला विश्वस्त म्हणतात. आणि विश्वस्ताने ठेव गिळली तर त्याला विश्वासघात म्हणतात."

मी म्हणालो, "आमच्याकडे त्याला बप्पा म्हणतात."

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील पुतण्या भांडखोर आहे. आहेच. माझं नाव अंकुश. मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. बाप मी रांगत असतानाच गेला. माय टोळीबरोबर ऊस तोडायला जायची आणि मी कारखान्याच्या रानात, पाचटाच्या कोपीत वाढलो. पुढे एक शेळी घेतली, तिच्या दोन केल्या, दोनाचा कळप केला. आज आष्टीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना माझी बोटं हातात आली की समोरच्या व्यापाऱ्याला घाम फुटतो. मला कुणी काही दिलेलं नाही, म्हणून माझं कुणी घेतलेलं मला चालत नाही. आमची भावकी माळकरी. बोकडाचा धंदा करतो म्हणून मला नाक मुरडणारी. त्यातले काही जण माळ खुंटीला अडकवून माझ्या दारात येतात आणि कलेजी वेगळी बांधून मागतात, ती गोष्ट निराळी.

बप्पा मात्र खरे माळकरी. अंगाने झाऱ्याच्या दांड्यासारखे, धोतर कायम गुडघ्याच्या वर, आणि बोटं चिंचेने काळी पडलेली. त्यांना मूलबाळ नाही. चुलती गेल्यापासून घरात ते आणि भांडी. घरात एकच पक्की खोली आहे, तिच्यात भांडी राहतात. बप्पा बाहेर पत्र्याखाली राहतात.

भांड्यांना नावं आहेत. सगळ्यात मोठी कढई म्हणजे थोरली. चेमटलेली परात म्हणजे म्हातारी. एकाच मापाची दोन पातेली आहेत, ती एकात एक बसत नाहीत आणि शेजारी ठेवली की वाजत राहतात. त्यांचं नाव जावा. एका बादलीची कडी ढिली आहे, ती उचलताना नेहमी एकीकडे झुकते. तिला बप्पा नवरदेव म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. शेजारच्या गल्लीतला एक जण लग्नाला भांडी मागायला आला, तर बप्पा त्याला शांतपणे म्हणाले, "थोरली घेऊन जा, पर म्हातारीला ऊन लागू देऊ नको, आन नवरदेवाला दोघांनी धरा." तो माणूस घरी जाऊन बायकोला म्हणाला, बप्पांचं डोकं फिरलंय.

भांडं मागायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं. बसवून घेतील, पाणी देतील, मग चौकशी.

"कुनाचं लगीन?"

"धाकटीचं, बप्पा."

"करनार काय?"

"वरण, भात, बुंदी, आन एक पनीरची भाजी."

"पनीरला पातेलं मिळायचं न्हाई. वास धरतंय. दुसरं कायतरी करा."

"पाहुण्यांनी सांगितलंय, बप्पा, पनीर पाहिजे म्हणून."

"मंग पाहुन्यांची भांडी आना."

एवढ्यातून जो पास होईल त्याच्यापुढे ते एकेक भांडं आणून ठेवायचे आणि बोटाच्या पेराने वाजवायचे. वाजवून न्या, वाजवून आणा, हा त्यांचा नियम. परत येताना पुन्हा वाजवणार. आवाजात फरक पडला की भांडं कुणी आपटलं, कुठे आपटलं, हे त्या घरच्या सगळ्या बायकांना विचारून काढणार. पंगतीला बोलावलं तर जायचे, पण पानावर बसायचे नाहीत. चुलीशेजारी उभे राहून भांड्याकडे बघत राहायचे. आचारी वैतागायचे. जेवण चांगलं झालं म्हणून कुणी म्हटलं तर बप्पा मान डोलवायचे, "भांड्यानं लाज राखली."

एकदा गावातल्या लग्नात वरात निघायच्या वेळेला झारा सापडेना. बप्पांनी वरात अडवली. नवरी रडून दमली होती, बँडवाल्यांचं दोन गाणी वाजवून झालं होतं, आणि हे टेम्पोपुढे दोन्ही हात पसरून उभे. "झारा मिळाल्याबिगर चाक हलायचं न्हाई." नवऱ्याचा मामा म्हणाला, नवा घेऊन देतो. बप्पा म्हणाले, "नव्यावर आबाजीचं नाव कोन घालनार, तुमी?" शेवटी झारा सापडला. टेम्पोच्या मागच्या फळीची कडी तुटली होती, म्हणून ड्रायव्हरने तिथे झारा अडकवून फळी बंद केली होती. कुणी काही बोलायच्या आत बप्पांनी तो उपसला. फळी पडली, तिच्या मागून कपाट पडलं, कपाटाच्या मागून पलंग पडला आणि नवरीची धाकटी बहीण गाद्यांच्या ढिगासकट खाली आली. तिला काही लागलं नाही. बप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. झारा धोतराला पुसत घरी गेले.

आता काळ बदलला. लग्नाचा ठेका घेणारे आपली भांडी घेऊन येतात, आणि बप्पांकडे फारसं कुणी फिरकत नाही. तरी ते बिनबोलावता लग्नात जातात, मांडवामागे शिरतात, ठेकेदाराच्या पातेल्यावर पेर वाजवतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, "जर्मन." आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. पण बप्पा ते असं म्हणतात की जर्मनीच्या माणसाने ऐकलं तर भांडण होईल.

आता देगीकडे येतो.

एवढं सांभाळणाऱ्या माणसाकडे सगळी भांडी आहेत आणि सगळ्यात मोठं भांडं नाही. मला समजायला लागलं तेव्हापासून नाही. "बप्पा, देग कुठंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "कल्हईला गेलीय." माझं मिसरूड फुटलं, देग कल्हईलाच. माझं लग्न झालं, देग कल्हईलाच. दरम्यान गडाच्या भंडाऱ्याला दुसरी मोठी भांडी आली, लोक विचारायचे थांबले. मागून एवढंच बोलायचे, किसननं देग मोडीत घातली. त्यांच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं, कारण भांडी तर त्यांच्याकडूनच न्यायची होती.

मीही कधी बोललो नसतो. पण अलीकडे गावच्या सप्त्यात शेवटच्या दिवसाची, काल्याची पंगत मला मिळाली. पहिल्यांदा. ज्या मायलेकरांना पंगत उठल्यावर उरलंसुरलं बांधून दिलं जायचं, त्यातल्या लेकराने गावाला जेवू घालायचं होतं. मी पारावर सगळ्यांसमोर सांगून बसलो, "आजोबांची देग चुलीवर चढणार." माझ्या हाताने त्या देगीखाली जाळ घातला की मी आबाजीचा नातू आहे हे पुन्हा कुणाला सांगायला लागणार नव्हतं. माझी एवढीच मागणी होती.

बप्पांकडे गेलो. ते म्हणाले, "देग मिळायची न्हाई. थोरली ने."

"थोरली कढई हाय बप्पा. मला देग पाहिजे."

"कल्हईला गेलीय."

मी म्हणालो, "बरं, निम्म्यावर या. देग कुणाला दिली तेवढं सांगा, मी सोडवून आणतो."

"बाजारात बसलायस का बे?" म्हणाले आणि परात घासायला लागले.

पंगत ठेकेदाराच्या जर्मनमध्ये झाली. पहिल्या रांगेतलं एक म्हातारं भात कालवता कालवता म्हणालं, "अंकुशा, देग दिसंना रं?" आणि रांग हसली. दुसऱ्या दिवशी मी वकील गाठला. माझा चुलतभाऊ मधुकर आपणहून दाव्यात आला. माझी माय त्याआधीच वारली होती. ती असती तर तिने मला दावा करू दिला नसता. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

कोर्टात मी वादी, पण पाहुणचार बप्पांचा. पहिल्याच तारखेला त्यांनी आवारातल्या चहावाल्याचं पितळेचं पातेलं वाजवून बघितलं आणि कल्हई उडाल्याचं सांगितलं. चहावाल्याने करून घेतली. पुढच्या तारखेला बप्पांचा चहा फुकट, आणि माझा, "तुमच्या चुलत्यावर केस केली होय तुम्ही?" असं विचारत विकतचा. शिपाई घरून पितळी तांबे आणून त्यांना दाखवायला लागला. मला रागाने काही सुचायचं नाही. तरी चुलता आहे, म्हणून अहोजाहो करायचं. साक्षीत मला त्यांना प्रतिवादी म्हणायचं होतं, तर माझ्या तोंडून "प्रतिवादी बप्पा" असं गेलं आणि लिहिणाऱ्याने तसंच लिहिलं.

त्यांच्या वकिलाची दशा आणखी वाईट. देग कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. तो आमच्या वकिलाकडे येऊन हळूच विचारायचा, "तुम्हाला काही कळलं का?"

मग कोर्टाने भांड्यांची पाहणी करायला एक तरुण वकील कमिशनर म्हणून पाठवला. बप्पांनी त्याला दारात बूट काढायला लावले. तो एकेक भांडं बघून लिहायला लागला, "एक पितळी पातेले."

"पातेलं न्हवं, साहेब. थोरली जाऊ."

"जाऊ म्हणजे?"

"ही थोरली, ती धाकटी. लगीन एकाच घरात झालंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, लिहा. नाहीतर हे अंगठा देणार नाहीत. तेव्हा आमच्या तालुक्याच्या कोर्टात असा एक अहवाल दाखल आहे, ज्यात दोन जावा, एक म्हातारी आणि एक नवरदेव सुस्थितीत मिळून आले असं लिहिलेलं आहे. देग मिळून आली नाही.

बप्पांची साक्ष निघाली तेव्हा मी पुढच्या बाकावर बसलो होतो. आमच्या वकिलाने विचारलं, "देग तुमच्या ताब्यात होती?"

"व्हती."

"तुम्ही ती विकली?"

"न्हाई."

"मोडीत घातली?"

बप्पांनी दोन्ही कानांना हात लावले.

"मग आहे कुठे?"

"कल्हईला."

जजसाहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, कल्हईला इतकी वर्षं लागतात?"

"कल्हई टिकत न्हाई, साहेब. दरसाल करावी लागती."

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबही हसले असते, पण त्यांनी आवरलं. "ती कुठे आहे तेवढं सांगा, हे प्रकरण आज मिटेल."

"ते सांगता यायचं न्हाई. ती गोष्ट माझ्या एकट्याची न्हाई."

आमच्या वकिलाने कागदावर मोठी रेघ मारली. मला कोपराने ढोसून म्हणाला, जिंकलो. मधुकरने लगेच अर्ज दिला की विश्वास मोडलेल्या माणसाकडे भांडी ठेवणं धोक्याचं आहे, ती मधुकरच्याच ताब्यात द्यावीत. कोर्टाने बप्पांना सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत देग दाखवा, नाहीतर सगळी भांडी जातील. बप्पा उभेच होते. शिपायाने हात धरून त्यांना खाली उतरवलं.

मधुकर भांडी कशाला मागतो, ते मला ठाऊक होतं. तो मोडीच्या दुकानात पितळेचा भाव विचारून आला होता. दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. पण मला वाटलं, जाऊ दे. माझी देग गेली, यांची भांडी जाऊ देत.

तारखेच्या आधीच्या गुरुवारी मी बोकड घेऊन डोंगरावरच्या पिराला गेलो. तिथे गुरुवारी कंदुरी असते. ज्याचा नवस असेल तो पिरापुढे बोकड कापतो आणि लोकांना जेवू घालतो. आमच्याकडे हिंदूही करतात, मुसलमानही करतात. मी दर वेळी पायथ्याला बोकड सोपवून, पुढच्या दारातून पाया पडून निघून येतो. त्या दिवशी गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करत मागच्या छपरात जाऊन बसलं होतं, म्हणून मीही तिकडे गेलो. मोठी कंदुरी होती. तीन दगडांच्या चुलीवर काळं पडलेलं एक भलंमोठं भांडं चढलेलं होतं. खाली गोल गरगरीत, गळा आखूड.

गळ्याजवळची काजळी मी अंगठ्याने पुसली. टिंबं लागली. आबाजी.

मी गिऱ्हाईक तसंच सोडलं. पिराची राखण करणाऱ्या मुजावराची म्हातारी बायको, तिला सगळे चाची म्हणतात, तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "चाची, ही देग कुनी विकली तुमाला?"

"इकंल कोन, अंकुशभाऊ? ठिवलेली हाय."

"कुनी ठिवली?"

"हाय तुमच्याकडचाच एक माळकरी. बस की. कावून एवढा तापलास?"

मी बसलो नाही. ती तांदळातले खडे काढत सांगत गेली.

"मी नवी नवी आलते तवा. एक बाई आलती, ऊसतोडीची. पोराला झटके येत व्हते. तिनं नवस बोललता, पोरगं जगलं तर सगळ्या टोळीला कंदुरी घालीन. पोरगं जगलं. आता टोळी कारखान्याला निघायची, आन गावात भांडं कुनी देईना. माळकऱ्याची सून तू, कंदुरीला भांडं दिलं तर आमाला बोल लागंल, म्हणले. दारोदार फिरली बिचारी. इथं येऊन पायरीवर रडत बसली. दुसऱ्या दिशी सकाळी तिचा थोरला दीर बैलगाडी घेऊन आला. कडब्याखाली ही देग. गळ्यात माळ. बकरा कापला तवा तिकडं तोंड करून बसला. जेवला न्हाई. पर देग उतरवायला त्यानंच हात लावला, म्हणला, तुमाला जमायचं न्हाई, गळ्याशी धरावं लागतंय."

"मंग परत कावून नेली न्हाई?"

"आमी घासून दिली की. राखंनं घासली, चिंचंनं घासली. तो म्हणला, लई चांगली घासली, पर गडाच्या भंडाऱ्याला आता ही चढवली तर मी लोकांना फसवलं असं व्हईल. त्यांना म्हाईत न्हाई, पर मला म्हाईत हाय. तुमच्याकडंच ठिवा." चाचीने सूप पाखडलं. "दरसाल येतो. कल्हईवाल्याला संगं आणतो. आत येत न्हाई, त्या लिंबाखाली बसतो, कल्हई हुईस्तोर बघत राहतो. कवा बोरं आणतो, कवा हुरडा. आन जाताना इचारतो, 'कशी हाय? नीट वागवता न्हवं?'"

दिलेल्या लेकीच्या घरी बाप असाच जातो. बाहेर बसतो, काहीतरी खायला नेतो आणि निघताना एवढंच विचारतो.

बाईचं नाव मी विचारलं नाही. लहानपणी मला झटके यायचे आणि माझी कंदुरी याच पिराला झाली, हे मायने मला सांगितलं होतं. म्हणून तर मी इथल्या गिऱ्हाइकाशी फार ताणत नाही. कंदुरी कशात शिजली, ते तिने सांगितलं नव्हतं.

मी तिथून तडक बप्पांच्या घरी गेलो. ते पत्र्याखाली म्हातारीला चिंच लावत होते. मी म्हणालो, "बप्पा, पिराच्या डोंगरावर गेलतो."

हात थांबला. वर न बघता त्यांनी विचारलं, "कल्हई टिकलीय का?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाया बाहेर आल्या. "माय गेली, तिनं सांगितलं न्हाई. तुमी जित्ते हाव, तुमी कावून सांगितलं न्हाई?"

"तिला मी शपथ घातलती. बस खाली."

"न्हाई बसत."

"मंग उभ्यानं ऐक. भावकीला सांगितलं असतं तर आबाजीची देग बाटवली म्हणून तुझ्या मायला पंगतीतून उठवलं असतं. मरस्तोर ऐकत बसली असती बिचारी. मला चोर म्हणतेत. म्हणू दे. चोराला पंगतीत बसवतेत, अंकुशा. वाढतेत बी."

"माय आता न्हाई. कोर्टात तरी सांगायचं."

"गेलेल्या बाईला कोर्टात उभं करू? वकील काय काय इचारतेत, बघितलंस न्हवं तू."

"आन परवा भांडी जातेत, त्याचं काय?"

त्यांनी परात बाजूला ठेवली. खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मधुकरला तेवढं सांग. जावांना येगळं ठिवू नको म्हणावं. लई वाजतेत, पर जोडीनं राहिलेल्या हायेत." आणि माझा हात धरायला त्यांनी चिंचेने भरलेला हात पुढे केला. "आन तू बी कुनाला सांगनार न्हाईस. घे शपथ."

मी हात मागे घेतला. बाजारात एवढं तरी शिकलो आहे; समोरच्याने धरायच्या आत आपला हात काढून घ्यायचा. मी शपथ घेतलेली नाही. त्यामुळे मी सांगायला मोकळा आहे, आणि सांगतो आहे. माझा दावा मी काढून घेतो आहे. मधुकरचा अर्ज उभा आहे, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी उभा राहणार आहे, आणि माझ्या मायचं नाव मी माझ्या तोंडाने घेणार आहे. वकिलांना काय विचारायचं ते विचारू द्या.

बप्पांवरचा माझा राग गेलेला नाही. इतकी वर्षं मी त्यांना चोर समजलो, भर कोर्टात म्हणालो, आणि ते ऐकत बसले. माझा एवढा राग फुकट घालवला. व्यापारी माणसाला फुकट गेलेलं सहन होत नाही. त्यांचं माझं मी बघून घेईन.

पण आता भावकीला विचारतो. माझी माय ज्या दारांना भांडं मागत फिरली, त्या घरची म्हातारी माणसं अजून आहेत. सप्त्यात पुढच्या रांगेत बसतात. तिने भांडं मागितलं हे तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्हीच नाही म्हणालात. माझी कंदुरी झाली, टोळी जेवून कारखान्याला गेली, हेही गावाला माहीत होतं. त्याच आठवड्यापासून देग दिसेनाशी झाली, हेही माहीत होतं. मग एवढ्या माणसांचं जेवण शिजलं कशात, हे तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. का विचारलं नाही? चोर म्हणायला सोपा माणूस मिळाला होता म्हणून? येत्या काल्याच्या पंगतीला मी येणार आहे आणि बप्पांना शेजारी बसवून घेणार आहे. पान वाढायच्या आधी तुमच्यातल्या एकाने उठून मला याचं उत्तर द्यावं.